ढोलकी, सेन्सर आणि संशोधन: झाडीपट्टीतल्या एका वादकाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २२. गाव देसाईगंज म्हणजे वडसा तालुक्यातलं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं. बी.एस्सी. झालं आहे, विषय फिजिक्स, मॅथ्स, इलेक्ट्रॉनिक्स. ढोलकी घरातूनच आलेली. दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांत ढोलकी आणि ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड), उन्हाळ्यात लग्नांची धुमाल, म्हणजे गाडीवरचा वाद्यमेळ. तबल्याला सेन्सर लावून लॅपटॉपमधून आवाज काढणारे वादक व्हिडिओत पाहिले. आपल्याला ते जमेल का, त्याचं शिक्षण कुठं मिळतं, त्यावर पोट भरेल का, आणि आधी काय विकत घ्यावं, नवीन पॅड की नवीन लॅपटॉप?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दोन्ही घेऊ नका. पहिल्या वर्षात सुट्या भागांवर हजार-दीड हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करायची गरज नाही. जुना लॅपटॉप चालतो, मित्राचा चालतो. पॅड तर हाताखालून रोजच जातो आहे.

बाकीच्या प्रश्नांना एकच गोष्ट लागू पडते. सेन्सर, कोड आणि गणित जाणणारी माणसं देशात आणि परदेशात भरपूर आहेत. रात्री दहापासून पहाटेपर्यंत नटाच्या श्वासावर ठेका सोडणारा आणि नेमका पुन्हा धरणारा हात त्यांच्याकडे नाही. त्या हाताला जे प्रश्न पडतात तेच तुमचं भांडवल. इलेक्ट्रॉनिक्स आणि संशोधन त्या प्रश्नांच्या मागून येऊ द्या. आधी यंत्र घेऊन मग त्याला काम शोधणारे वादक दोन वर्षांत ते यंत्र विकून मोकळे होतात.

आता वर्षाची मांडणी. झाडीत वादकाचं वर्ष आधीच आखलेलं असतं: मंडई (गावोगावच्या जत्रा) आणि नाटकांचा हंगाम, मग लगीनसराई, मग पावसाळ्यात हात रिकामे, मग गणपती-नवरात्र. जून ते ऑगस्ट हे तीन महिने जोडणी, कोड आणि अभ्यासाचे. हंगामात नवीन काहीच जोडायचं नाही, फक्त पावसाळ्यात तपासून पक्कं झालेलं वापरायचं आणि काय बिघडलं ते वहीत लिहायचं. ही शिस्त मोडली की नाटक मंडळीचा विश्वास जातो. तो गेला तर मूळ उत्पन्नच बंद.

पहिली जोडणी तुमच्याच ढोलकीवर करा. लागतं ते असं: २७ मिलिमीटरच्या दोन पिएझो चकत्या, म्हणजे कंपनाचं विजेत रूपांतर करणारे सेन्सर (दहा-वीस रुपयांना एक मिळते, सहा घ्या, दोन-तीन नक्की जळतील), एक आर्डुइनो लिओनार्डो (कोड भरता येणारा छोटा बोर्ड) किंवा त्याच ३२यू४ चिपचा प्रो मायक्रो, १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर, १० किलोओहमचे दोन, १एन४१४८ चे चार डायोड, पातळ शिल्डेड वायर आणि दुहेरी फोम टेप. नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हे सगळं एका फेरीत होतं. आर्डुइनो ऊनो घेऊ नका. ऊनोची मुख्य चिप लॅपटॉपला थेट मिडी वाद्य म्हणून दिसत नाही (मिडी म्हणजे वाद्य आणि संगणक यांच्यातली संदेशांची ठरलेली भाषा), मध्ये जुगाड करावा लागतो. ३२यू४ ची चिप थेट दिसते.

पिएझोची पितळी चकती म्हणजे ग्राउंड, मधली पांढरी चंदेरी बाजू म्हणजे सिग्नल. चंदेरी थराला डाग देताना सोल्डरिंग गन एक सेकंदापेक्षा जास्त टेकवली तर थर उखडतो आणि चकती मेली. आधी वायरच्या टोकाला कथिल लावून घ्या, मग नुसतं टेकवून उचला. पिएझोच्या दोन टोकांमध्ये १ मेगाओहम आडवा लावायचा. तो नसेल तर चार्ज साठून राहतो, बोटांनी ढोलकी नुसती धरली तरी आकडे हलत बसतात. सिग्नल १० किलोओहममधून ए० पिनला जातो. त्या पिनवर दोन डायोड: एकाचा पट्टा (टोकाजवळची रेघ) ५ व्होल्टकडे, दुसऱ्याचा पट्टा पिनकडे आणि दुसरं टोक ग्राउंडला. जोराच्या थापेला पिएझो ५ व्होल्टच्या बराच वर उडतो, हे डायोड तो जादा भाग वळवतात. बरेच जण इथं ५.१ व्होल्टचा झेनर डायोड लावतात. पिन वाचतो, पण झेनर तीन-चार व्होल्टपासूनच थोडा गळायला लागतो आणि पिएझोसारख्या अशक्त सिग्नलला तेवढी गळतीही जड पडते. परिणाम असा की मध्यम थाप आणि जोराची थाप जवळजवळ सारखीच नोंदली जाते. वादकाला हे लगेच हाताला कळतं, कारण मात्र सापडत नाही.

पुढं टीन्सी या जास्त वेगवान बोर्डाकडे गेलात, आणि वेगासाठी जावंच लागेल, तर लक्षात ठेवा की टीन्सी ४.० चे पिन ३.३ व्होल्टचे आहेत, ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. वरच्या डायोडचा पट्टा तिथं ३.३ कडे जातो.

चकती पुडीवर (वाजवायच्या चामड्यावर) चिकटवू नका, आवाज मरतो. ढोलकीच्या खोडावर, गजऱ्यापासून (पुडीच्या कडेच्या वेढ्यापासून) तीन-चार सेंटिमीटर आत, शाईच्या म्हणजे उंच सुराच्या बाजूला एक आणि धुमेच्या म्हणजे खर्जाच्या बाजूला एक. सुपरग्लूने पक्की बसते, पण काढताना तुटते. फोम टेपने सुरुवात करा. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा गेला की टेपचा गोंद मऊ होतो आणि चकती हळूहळू सरकते. म्हणून उन्हाळ्यात टेपवरून कापडी पट्टीचा एक वेढा द्या.

कोडचं तत्त्व सोपं आहे, सगळी मेहनत आकड्यांत आहे. बोर्ड ० ते १०२३ असा आकडा वाचतो. एक किमान पातळी ठरवा, समजा ४०. तिच्या वर गेलं की लगेच आवाज सोडायचा नाही, २ मिलिसेकंद वाचत राहायचं आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा. तोच थापेचा जोर. त्याचं १ ते १२७ मध्ये रूपांतर करून मिडी संदेश पाठवायचा. हे रूपांतर सरळ रेषेत केलं तर हलक्या बोटांचं काम सगळं गायब होतं. वर्गमूळासारखी वक्ररेषा घ्या, म्हणजे खालच्या भागाला जास्त जागा मिळते.

संदेश गेल्यावर काही काळ कान बंद ठेवायचा, कारण खोड कंपत राहतं आणि एका थापेच्या दोन नोंदी होतात. हा काळ किती? इंटरनेटवरच्या ड्रम किटच्या कोडमध्ये ५० मिलिसेकंद सर्रास दिसतात. ते काठीने वाजवणाऱ्यांसाठी आहे. द्रुत लयीत मिनिटाला ३२० मात्रा आणि मात्रेला चार अक्षरं धरली तर सेकंदाला २१ थापा होतात, म्हणजे दोन थापांत ४७ मिलिसेकंद. पन्नासचा काळ ठेवला तर तिरकिटातली अर्धी अक्षरं खाल्ली जातील. २० ते २५ ठेवा, आणि त्या काळानंतर किमान पातळी एकदम खाली न आणता हळूहळू उतरवा.

दोन्ही बाजू एकाच लाकडावर असल्यामुळं एकीकडची थाप दुसरीकडे ऐकू जाते. इंग्रजीतून आलेला क्रॉसटॉक हाच शब्द या कामात रुळला आहे. उपाय: फक्त धुमेवर वीस जोरदार थापा मारा आणि त्याच वेळी शाईच्या सेन्सरवर किती आकडा येतो ते लिहा. समजा धुमेला ८०० असताना शाईकडे २४० दिसतात, म्हणजे गळती तीस टक्के. मग नियम असा की दोन्हीकडे ३ मिलिसेकंदांच्या आत नोंद झाली आणि लहान आकडा मोठ्याच्या ३५ टक्क्यांखाली असेल तर लहान टाकून द्यायचा. टक्का अंदाजे धरू नका. तो जास्त ठेवला तर दोन्ही हातांचा खरा ‘धा’ तुटतो. बिजा, खैर, शिसव, आंबा, लाकूड बदललं की हा टक्का पुन्हा मोजायचा.

आणखी एक अडचण. या बोर्डांत सगळ्या पिनांना मिळून एकच मोजणी-यंत्र असतं. ते पाळीपाळीनं पिन बदलतं. पिएझोसारखा कमजोर सिग्नल असेल तर आधीच्या पिनचं थोडं उष्टं पुढच्या पिनवर दिसतं आणि तुम्ही क्रॉसटॉक समजून लाकडाला दोष देत बसता. प्रत्येक पिन दोनदा वाचा, पहिला आकडा फेकून द्या. तेवढ्यानं भागलं नाही तर मध्ये एमसीपी६००२ हा ऑप-अँप (कमजोर सिग्नलला बळ देणारी चिप) बफर म्हणून घाला.

आता उशीर. सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि विक्रेते याबद्दल सर्वांत कमी बोलतात. थाप आणि आवाज यांत साधारण १० मिलिसेकंदांपर्यंत हात सांभाळून घेतो. त्यापुढं गेलं की वादक नकळत आधी वाजवायला लागतो आणि लय पळते. हिशेब मांडू. जोर मोजायला २ मिलिसेकंद, यूएसबीला सुमारे १, लॅपटॉपचा बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी साठवायची जागा) १२८ सॅंपलचा आणि दर ४८ किलोहर्ट्झ असेल तर २.७, साउंड कार्डाचे एक-दोन. झाले सात-आठ. हे चांगलं आहे. पण मॉनिटर स्पीकर तीन मीटरवर असेल तर हवेतच आणखी ९ गेले, कारण आवाजाला एक मीटर कापायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. स्पीकर ओढून एक मीटरवर आणा, सहा मिलिसेकंद फुकटात वाचले. एवढी बचत महागड्या यंत्रानेही होत नाही.

विंडोजचा नेहमीचा ऑडिओ ड्रायव्हर वापरू नका. एएसआयओ या कमी उशिराच्या प्रकारचा ड्रायव्हर असलेला साधा ऑडिओ इंटरफेस घ्या, तोवर एएसआयओ४ऑल हा मोफत ड्रायव्हर चालवा. मोबाइलवर थेट वाजवायचा मोह टाळा, बहुतेक फोनांत उशीर जाणवण्याइतका असतो आणि उन्हात फोन बंद पडतो तो वेगळाच. ऑक्टोपॅडच्या मिडी आउटमधून लॅपटॉपकडे जायचं असेल तर तोही मार्ग उत्तम आहे. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एका थापेचा संदेश तीस बिटांचा, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंद. मात्र अगदी स्वस्तातल्या मिडी-यूएसबी केबल गर्दी झाली की संदेश गिळतात.

उशीर कानाने ठरवू नका, मोजा. ढोलकी आणि स्पीकर यांच्या मध्ये एक रेकॉर्डर ठेवा, वीस सुट्या थापा मारा, फाइल ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि खऱ्या थापेची सुरुवात व स्पीकरच्या आवाजाची सुरुवात यांतलं अंतर प्रत्येक वेळी लिहा. सरासरी एक गोष्ट, आकड्यांची वरखाली दुसरी. सरासरी ९ आणि सगळे ८ ते १० मध्ये असतील तर हात जुळवून घेतो. सरासरी ७ पण कधी ३ कधी १४ असेल तर कोणताही वादक त्यावर ठेका धरू शकत नाही. डेव्हिड वेसेल आणि मॅथ्यू राइट या संशोधकांनी २००२ मध्ये हेच मांडलं: उशीर १० मिलिसेकंदांच्या आत आणि वरखाली १ च्या आसपास. तुमच्या वहीत हे वीस आकडे आले त्या दिवशी तुमचं संशोधन सुरू झालं असं समजा.

पिएझोची एक हद्द आहे. जोर आणि वेळ त्याला कळते. खुला बोल की बंद, बोट चाटेवर (पुडीच्या कडेवर) की शाईवर (मधल्या काळ्या लेपावर), हे कळत नाही. त्यासाठी क्लिप माइकचा आवाज घेऊन प्युअर डेटा या मोफत सॉफ्टवेअरमधलं बॉन्क~ वापरून पाहा. ते मिलर पकेट यांनी थापेसाठीच बनवलं आहे. मुळात २५६ सॅंपलची खिडकी आणि ११ फिल्टर असतात. शिकवण्याचा आदेश देऊन प्रत्येक बोल दहा-दहा वेळा एकसारखा वाजवला की ते नमुने धरून ठेवतं आणि पुढं ओळखतं. सुरुवातीला चारच बोल द्या: शाईचा खुला, शाईचा बंद, धुमेचा खुला, धुमेचा बंद. एकदम बारा दिले की गोंधळ उडतो आणि माणूस निराश होतो. पावसाळ्यात शिकवलेले नमुने डिसेंबरात चालत नाहीत. दमट हवेत पुडी सैल पडते, कोरड्या हवेत चढते, आवाजाचा पोत बदलतो. प्रयोगाच्या दिवशीच, सूर मिळवून झाल्यावर, पुन्हा शिकवावं लागतं. दहा मिनिटांचं काम आहे.

रंगमंचावर पहिला नियम: इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण बंद पडलं तरी ढोलकी ऐकू गेली पाहिजे. म्हणजे साध्या माइकची ओळ वेगळी, थेट मिक्सरला. सेन्सरची ओळ तिच्या सोबतीला.

वीज हा दुसरा भाग. जनरेटरवर हॅलोजन पेटले की व्होल्टेज दबतं, लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर तो तरून जातो, वेगळ्या अडॅप्टरवरचा ऑडिओ इंटरफेस मात्र रीसेट होतो. म्हणून यूएसबीवरच चालणारा इंटरफेस घ्या. लाइटच्या डिमरचा घर्र आवाज ऑडिओच्या वायरींत शिरतो. डिमरची वायर आणि ऑडिओची वायर शेजारून समांतर नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. चार्जर लावल्यावर गुणगुण येत असेल तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मध्ये ग्राउंड लिफ्ट असलेला डीआय बॉक्स घाला. चार्जरची अर्थिंगची पिन तोडण्याचा उपाय जो सुचवतो त्याचं ऐकू नका, ओल्या जमिनीवरच्या मांडवात तो जिवावर बेततो.

बोर्ड पॉवर बँकेवर चालवला की थोड्या वेळात आपोआप बंद होतो, आणि वादक कोडमध्ये चूक शोधत बसतो. बोर्ड इतका कमी करंट घेतो की पॉवर बँकेला वाटतं काहीच जोडलेलं नाही. ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७ ओहमचा २ वॅटचा रेझिस्टर लावा, सुमारे १०० मिलिअँपिअर वाहतात आणि ती जागी राहते. रेझिस्टर तापतो, त्याला प्लास्टिकपासून दूर ठेवा.

धुमालच्या गाडीवर पिएझोची खरी परीक्षा होते. सबवूफरचा हादरा खोडात शिरून खोट्या थापा नोंदल्या जातात. ढोलकीखाली जाड फोम द्या, किमान पातळी वाढवा, आणि कोडमध्ये आकडा किती वेगानं चढला हे तपासा. खरी थाप एका मिलिसेकंदात चढते, सबवूफरची लाट सावकाश.

पोटापाण्याचं. सेन्सरवाल्या ढोलकीसाठी कोणी वेगळं तिकीट काढणार नाही, निदान सुरुवातीला. पण झाडीत आणि आसपास पॅड वाजवणारे खूप आहेत आणि बहुतेकांकडे तेच ते कारखान्याचे आवाज आहेत. जुन्या एसपीडी-२० या पॅडमध्ये स्वतःचा आवाज भरताच येत नाही. एसपीडी-एसएक्ससारख्या सॅंपलिंग पॅडमध्ये येतो, ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये. डफडं, संदलचे ताशे, खंजिरी, दंडार या लोकनाट्यातली ढोलकी यांचे नीट ध्वनिमुद्रित आवाज, प्रत्येक बोल निदान चार वेगळ्या जोरांत, असे संच बनवून देणं हे पहिलं उत्पन्न होऊ शकतं. दुसरं, नाटक मंडळींसाठी ध्वनीची मांडणी. तिसरं, दुसऱ्या वादकांच्या वाद्यांना ट्रिगर बसवून देणं आणि हंगामात दुरुस्ती. तुमचं मुख्य उत्पन्न निदान तीन-चार वर्षं ढोलकीचंच राहील आणि ते राहू द्या, कारण रोजचा हात त्यातूनच टिकतो. तबला आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र वाजवणाऱ्या तलविन सिंग यांना १९९९ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, त्यांचंही मूळ तबल्यातच होतं.

संशोधनाकडे येऊ. तुमचं फिजिक्स इथं थेट कामाला येतं. साध्या गोल ताणलेल्या पडद्याचे कंपनस्वर १, १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या प्रमाणात असतात, म्हणून डफड्याला निश्चित सूर नसतो. शाईचा थर हे प्रमाण बदलतो. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये आणि पुढं १९३४ मध्ये सविस्तर दाखवलं की शाईमुळं पुडीचे पहिले नऊ कंपनप्रकार पाच स्वरांत गोळा होतात आणि ते पाच १, २, ३, ४, ५ या प्रमाणात बसतात. (हेच रामन १९१० मध्ये वित्त खात्यातल्या नोकरीत नागपूरला होते.) ट्यूनरचं अ‍ॅप ढोलकीच्या शाईला सूर दाखवतं आणि डफड्यावर भरकटतं, त्याचं कारण हेच. हा प्रयोग घरी करा: दोन्हींचं ध्वनिमुद्रण करून ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम काढा आणि शिखरांची प्रमाणं मांडा. एका दुपारचं काम आहे आणि मुलाखतीत सांगण्यासारखं आहे.

तबला आणि मृदंगावर बरंच काम झालं आहे. बर्नार्ड बेल आणि जेम्स किप्पन यांनी १९८० च्या दशकात लखनौच्या तबल्यातल्या ‘कायदा’ या रचनाप्रकाराचं व्याकरण संगणकात घालणारा बोल प्रोसेसर बनवला. अजय कपूर यांनी प्रिन्स्टनमध्ये दाबाचे सेन्सर बसवून इलेक्ट्रॉनिक तबला केला आणि २००२ च्या नाइम या नव्या वाद्यांवरच्या परिषदेत मांडला. बार्सिलोनात झेवियर सेरा यांचा कॉम्पम्युझिक प्रकल्प २०११ ते २०१७ चालला, त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक तालांचं विश्लेषण होतं. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या प्रयोगशाळेत भारतीय संगीताच्या ध्वनिविश्लेषणाचं काम होतं. नाइम आणि इस्मिर (संगीताचं संगणकी विश्लेषण) या दोन परिषदांचे निबंध मोफत वाचायला मिळतात, इस्मिर २०२२ मध्ये बंगळुरूला भरली होती. महिन्याला दोन निबंध वाचा, समजलं नाही तरी आकृत्या आणि मोजण्याची पद्धत पाहा.

त्या तुलनेत खडी गंमत (झाडीतलं लोकनाट्य), दंडार, डफडं आणि गोंडी मांदर (ढोलाचा प्रकार) यांच्यावर मोजून-मापून झालेलं काम फारच थोडं आहे. तुमचं क्षेत्र हे. पण प्रश्न लहान धरा. ‘झाडीपट्टीचं संगीत’ हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. प्रश्न असा हवा: खडी गंमतीत शाहिराची ओळ संपताना ढोलकी लय किती वाढवते, आणि पुढच्या ओळीला किती उतरवते? किंवा: खंजिरीत झांजांची खळखळ थापेच्या आधीच सुरू होते, मग संगणकाने थाप नेमकी कुठं मानायची? तुकडोजी महाराजांच्या भजनपरंपरेमुळं विदर्भात खंजिरी वाजवणारे गावोगाव आहेत, वीस वादक मिळवणं तुम्हाला जड नाही. चामड्याचा आवाज खालच्या पट्ट्यात आणि झांज बरीच वर असते, तेव्हा दोन पट्टे वेगळे करून तुलना करणं ही पहिली पायरी.

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. एमपी३ नको, फोनचं आवाज-सफाई नको, ती थापेची धारच कापते. सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये थापांच्या जागा हाताने नोंदवा. वीस सेकंदांच्या तुकड्याला सुरुवातीला दीड-दोन तास लागतात, घाई करू नका. मग पायथॉनमधल्या लिब्रोसा या मोफत संचाकडून त्याच थापा शोधून घ्या आणि तुलना करा. या क्षेत्रात पुढंमागं ५० मिलिसेकंदांची सूट देण्याची पद्धत आहे. वर काढलेले ४७ आठवा. द्रुत ढोलकीत एवढी सूट दिली तर शेजारची थापही बरोबर धरली जाईल आणि आकडे खोटे चांगले दिसतील. २० ची सूट घ्या आणि का घेतली ते लिहा. हा मुद्दा वाजवणाऱ्यालाच आधी सुचतो.

शिक्षणाचे रस्ते थोडक्यात. एम.एस्सी. फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स करून सिग्नल प्रोसेसिंगकडे वळणं हा माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत भक्कम रस्ता. एनपीटीइएल या आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांत डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग मोफत शिकता येतं, त्यातलं फूरिये परिवर्तन आणि फिल्टर आधी पक्के करा. संगीताच्या बाजूनं जायचं तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची तबला विशारद, आणि गोंदियाहून रेल्वेने डोंगरगड गाठून पुढं जाता येईल असं छत्तीसगडमधल्या खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय. संगीत विषयाच्या नेट परीक्षेत तालवाद्यांचा वेगळा विभाग आहे. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, वयाची अट मात्र पाहा. परदेशात अटलांटाचं जॉर्जिया टेक, बार्सिलोनाची पॉम्पेऊ फाब्रा आणि लंडनची क्वीन मेरी ही तीन नावं. तिथं अर्ज करताना प्रमाणपत्रांपेक्षा तुमची वही, मोजलेले आकडे आणि चालणारं वाद्य जास्त बोलतं.

आजच अर्ज करण्यासारखी एक गोष्ट: केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती. वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं, लोककला त्यात येतात. तुमच्याकडे तीनच वर्षं आहेत. चालू जाहिरात वाचून कागद जमवा. नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रही ओळखीचं करून ठेवा, त्यांच्या कार्यक्रमांत लोकवाद्यांना जागा असते.

शेवटी एक गोष्ट जी मोजमापात येत नाही पण पहिल्या दिवसापासून पाळायची. डफडं, मांदर, दंडारीची ढोलकी ही त्या त्या समाजाची वाद्यं आहेत, आणि ती वाजवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या मान कमी आणि बिदागी त्याहून कमी मिळाली. ध्वनिमुद्रणाला जाताना मराठीत एक पानी कागद न्या: काय नोंदवतो आहे, कशासाठी, पुढं कोणाला देणार, पॅडच्या संचात विकणार की नाही, विकलं तर वादकाचा वाटा किती. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवा आणि ‘हो’ त्याच ध्वनिमुद्रणात येऊ द्या. संशोधनाची परवानगी आणि विक्रीची परवानगी वेगवेगळी घ्या. दिवसाची बिदागी बसण्याआधी ठरवा आणि निघण्याआधी द्या. फाइलच्या नावात तारीख, गाव, वाद्य आणि वादकाने सांगितलेलं तालाचं नाव लिहा, तुम्हाला वाटलेलं नाव नाही. आणि गाव सोडण्याआधी सगळ्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर त्यांच्या हातात ठेवा, गाडीच्या स्पीकरवर लावून दाखवा, चालते याची खात्री करा.